वेदना म्हणजे जाणणे : कष्टकऱ्यांच्या देहभानाचा इतिहास

तुर्भ्यातल्या एका वस्तीत छोटं विहार आहे. तिथे आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी संध्याकाळी जमतो. वंदना होते, मग थोडं वाचन आणि मग वाद. एका रविवारी वाद कंबरेवरून पेटला. आमच्यातल्या एक ताई सानपाड्यात चार घरी धुणीभांडी, फरशी-पोछा करतात. त्या म्हणाल्या, "दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आले तेव्हापासून कंबर कमी त्रास देते. दुखायला लागली की जरा बसते, कुठं दुखतंय ते निरखते. गोळी निम्म्यावर आली." लगेच महाप्याच्या एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणारा आमचा एक तरुण मित्र उसळला. "ताई, तुमची कंबर चार घरच्या फरशीनं दुखते. ती निरखून फरशी कमी होणार आहे का? शोषण होतंय आणि तुम्ही डोळे मिटून बसताय. बाबासाहेबांनी आपल्याला डोळे उघडायला शिकवलं!"

सभेत दोन तट पडले. दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकताना आम्हाला जाणवलं की दोघेही अर्धं खरं बोलत आहेत. आपल्या चळवळीत हा वाद जुना आहे. एकीकडे ध्यानाचं नाव काढताच तोंड फिरवणारे आहेत, दुसरीकडे शिबिराहून आल्यावर मोर्चाला यायचं बंद करणारे आहेत. यात एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. आपल्या माणसाच्या किरकोळ दुखण्याची दखल इतिहासात कधी, कुणी घेतली? आणि ती दखल घ्यायला त्याला स्वतःला कधी परवानगी होती? हा लेख त्या प्रश्नावर आहे.

लादलेलं देहभान

शरीराचं भान आपल्या समाजाला नव्हतं, असं कुणी म्हणत असेल तर ते साफ चूक आहे. भान भरपूर होतं. पण ते दुसऱ्याने लादलेलं होतं. बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात पेशवाईचा दाखला दिला आहे. रस्त्यावर हिंदू येत असेल तर अस्पृश्याने तिथे चालायचं नाही, कारण सावलीने विटाळ होतो. पुण्यात कंबरेला झाडू बांधायचा, म्हणजे मागे उमटलेली पावलं पुसली जातील. गळ्यात मडकं अडकवायचं, म्हणजे थुंकी जमिनीवर पडणार नाही. विचार करा, माणसाला आपली सावली कुठे पडते, पाऊल कुठे उमटतं, थुंकी कुठे जाते याचं क्षणोक्षणी भान ठेवावं लागत होतं. पण त्याची पाठ वाकून दुखते का, मडक्याच्या दोरीने मान कापते का, हे विचारायची सोय नव्हती. शरीर त्याचं, भान मालकाचं!

गावकीतही हेच. महाराने गावचा निरोप घेऊन पळायचं, वेशीवर रात्र काढायची, मेलेलं ढोर ओढून न्यायचं. या कामांना वेळ नव्हती, वजनाला मर्यादा नव्हती. खांद्याला घट्टे पडले, पायाला भेगा पडल्या, तर तो जातीचा भाग समजला जायचा. दुखणं नोंदवायला ना वैद्य, ना कागद.

मुंबईत आल्यावर गिरण्यांनी हाच हिशेब पुढे चालवला. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे आपल्या माणसांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा ओढून घ्यायला तोंड लावावं लागतं आणि अस्पृश्याच्या थुंकीने धागा बाटतो! म्हणून आपली माणसं कमी पगाराच्या खात्यांत राहिली. 1928 च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला. कोणतं अंग कुठल्या यंत्राला लागणार, कोणतं अंग किती दमणार आणि त्याचे किती पैसे मिळणार, हे जात ठरवत होती. 'साधं अंगदुखीचं काय एवढं' असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. अंगदुखीची वाटणीसुद्धा जातीनेच झाली आहे.

महाडच्या बायांनी काय उतरवलं

हे लादलेलं भान आपल्या लोकांनी कधी झुगारलं? आमच्या मते त्याचा एक मोठा क्षण महाडला आला. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं हे आपण दरवर्षी सांगतो. ओंजळ हे शरीरच आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी बोलले, त्याकडे आपलं कमी लक्ष जातं. तुमच्या लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून तुमची जात ओळखली जाते, ती पद्धत सोडा, असं त्यांनी सांगितलं. गळ्यातल्या जडशीळ माळा आणि मनगटापासून कोपरापर्यंत भरलेले गोट-पाटल्या उतरवा, असंही सांगितलं. बायांनी ते ऐकलं आणि लगेच अमलात आणलं.

आपण याकडे प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून बघतो आणि ते बरोबरच आहे. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्याकडे आणखी एका अंगाने बघायला हवं. ते ओझं रोज अंगावर वागवणाऱ्या बाईला त्याचं वजन जाणवत नव्हतं. सवयीने ते अंगाचाच भाग झालं होतं. कुणीतरी म्हणालं की हे वजन आहे, हे वागवायची गरज नाही. आणि मग ते जाणवलं. उतरवल्यावर हात हलका झाला असेल, तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल की तो इतकी वर्षं जड होता. आम्ही ज्याला देहभान म्हणतो ते हे. आधी वजन जाणवतं, मग ते का आहे हा प्रश्न पडतो, मग ते उतरवलं जातं.

दुखणं कायद्यात आलं

बाबासाहेबांनी पुढच्या आयुष्यात हे काम कायद्याच्या मार्गाने केलं. 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईच्या शरीराला विसावा मिळणं हा राष्ट्राच्या हिताचा प्रश्न आहे, आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. 1929 मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते. 1946 च्या कारखाना दुरुस्तीने कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. म्हणजे दर आठवड्याला सहा तास कामगाराच्या पाठीला परत मिळाले. याच काळात प्रा. अडारकर यांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल आला, आणि त्या पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. त्याच वर्षीच्या कारखाने कायद्यात कलम 34 आलं. इजा होईल इतकं ओझं कुणाकडूनही उचलून घेऊ नये, असं ते सांगत होतं.

आणि हे सगळं करणाऱ्या माणसाचं स्वतःचं शरीर कसं होतं? मधुमेह होता, पायातल्या वेदनांनी रात्र-रात्र झोप लागत नव्हती. संविधानाचा मसुदा त्याच काळात तयार होत होता. 1948 मध्ये त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी, म्हणजे माईसाहेबांशी विवाह झाला, त्यामागेही प्रकृतीची काळजी हे मोठं कारण होतं. बाबासाहेबांनी दुखणं अंगावर काढलं, कारण काळ थांबणार नव्हता. पण तुम्ही-आम्ही त्यावरून 'दुखणं अंगावर काढणं म्हणजेच समाजकार्य' असा धडा घेतला आहे तो चुकीचा आहे. त्यांना निदान करणारा डॉक्टर हवा होता, आणि त्यांनी तो गाठलाही. आपले कार्यकर्ते मात्र गोळी चघळत मोर्चा काढतात आणि पन्नाशीत अंथरूण धरतात.

माथ्यावरचं ओझं

आता आपल्या नवी मुंबईकडे येऊ. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पहाटे गेलात तर दिसेल, ट्रकच्या फाळक्यापाशी पाठ वाकवून माणूस उभा असतो, वरचे दोघे गोणी त्याच्या पाठीवर सोडतात आणि तो गाळ्याकडे चालू लागतो. हे माथाडी. माथ्यावर ओझं वाहणारे म्हणून माथाडी. यात बहुसंख्य सातारा-सांगली भागातून आलेले मराठा आणि इतर शेतकरी समाजाचे आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आपली माणसं या शहरात जास्त करून नाक्यावर, बांधकामावर, सफाईत, घरकामात आणि दगडखाणींत सापडतात. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठलेली कित्येक कुटुंबं इकडच्या खाणींत दगड फोडायला लागली. पण माथाड्याचा इतिहास आपण शिकला पाहिजे, कारण पाठदुखीचा कायदा कसा होतो हे त्यांनी दाखवून दिलं.

जुन्या मुंबईत मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट इथे हमाल मुकादमाच्या मर्जीवर जगत होते. हजेरी नाही, मालक कोण याचा पत्ता नाही. कंबर मोडली तर गावी जायचं. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि 1969 मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. असंघटित अंगमेहनतीच्या कामगारासाठी असा कायदा देशात नवा होता. कामगार, मालक आणि सरकार यांचं मंडळ. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधोपचार. पुढे बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आले, कोपरखैरण्यात माथाडींची वस्ती झाली आणि त्यांचं रुग्णालय उभं राहिलं.

आणि गोणीचं वजन? पूर्वी शंभर किलोची गोणी सर्रास पाठीवर असायची. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि इकडे माथाडी संघटनांनी पन्नास किलोचा आग्रह धरला. आजही वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात पन्नास किलोच्या वरची गोणी आली की कामगार तिला हात लावायला नकार देतात आणि त्यावरून काम बंद पडतं. हमालाला वजनकाटा लागत नाही, हे लक्षात घ्या. गोणी पाठीवर टेकताच त्याला कळतं की ही साठची आहे. ही त्याची कायानुपस्सनाच आहे, नाव माहीत नसेल इतकंच! शरीराने जाणलं, तोंडाने सांगितलं, संघटनेने थांबवलं. नुसतं जाणून थांबला असता तर पाठ गेली असती. आणि जाणलंच नसतं तर संघटनेला मागणी कशाची करायची हेच कळलं नसतं.

बुद्धाची पाठ

आता त्या तरुण मित्राच्या आक्षेपाकडे वळू. त्याला वाटतं की दुखणं निरखणं ही पळवाट आहे. आपण थेट बुद्धाकडे जाऊ.

मज्झिम निकायात सेख सुत्त आहे. कपिलवस्तूला शाक्यांनी नवं सभागृह बांधलं. त्यांच्या विनंतीवरून तथागत तिथे आले, रात्री बराच वेळ उपदेश केला. मग आनंदाला म्हणाले की आता पुढचं तू सांग, माझी पाठ दुखते आहे, मी जरा पडतो. संघाटी चौपदरी घालून ते उजव्या कुशीवर पहुडले. दीघ निकायातल्या संगीती सुत्तातही असाच प्रसंग आहे. तिथे पावा नगरीत मल्लांच्या सभागृहात ते ही जबाबदारी सारिपुत्ताला देतात. महापरिनिब्बान सुत्तात, ऐंशीव्या वर्षी ते आपल्या देहाला जुन्या, बांधाबांध करून कशीबशी चालणाऱ्या गाडीची उपमा देतात.

कुठल्या देवाची पाठ दुखल्याचं आपण ऐकलं आहे का? बुद्ध माणूस होता, म्हणून त्याची पाठ दुखली. आणि त्याने काय केलं बघा. सोसत बसला नाही, चमत्कार केला नाही, पाठ दुखते म्हणून चिडलाही नाही. दुखतं हे ओळखलं, चारचौघांत मोकळेपणाने सांगितलं, काम सहकाऱ्याकडे सोपवलं आणि आडवा झाला. कुठल्याही कामगार संघटनेने भिंतीवर लावावं असं हे वागणं आहे. सहा वर्षं देहदंड करून त्याला कळलं होतं की शरीराला छळून काही हाती लागत नाही. मध्यम मार्ग तिथूनच सुरू होतो.

संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे, त्यात दोन बाणांचा दृष्टांत येतो. माणसाला एक बाण लागतो. तो शरीराची वेदना. अज्ञानी माणूस त्यावर शोक करतो, घाबरतो, चिडतो, आणि स्वतःला दुसरा बाण मारून घेतो. जाणता माणूस पहिलाच बाण भोगतो. कंबरेत चमक भरली, हा पहिला बाण. 'आता माझं कसं होणार, उद्या काम सुटणार, पोरांची फी कोण भरणार' या विचारांनी सगळं अंग आखडून घेणं हा दुसरा. आखडलेलं अंग आणखी दुखतं, हा तुमच्या-आमच्या सगळ्यांचा अनुभव आहे.

इथे एक शब्द नीट समजून घेऊ. मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पाली भाषेत तसं नाही. तिथे वेदना तीन : सुखद, दुःखद आणि ना सुखद ना दुःखद. शब्दाचं मूळ 'विद्', म्हणजे जाणणे. वेदना म्हणजे मुळात जाणीव. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म असे चार आधार सांगितले आहेत. चालताना चालतो आहे हे जाणा, बसताना बसलो आहे हे जाणा, श्वास लांब आहे की आखूड ते जाणा. यात मंत्र नाही, देव नाही, दक्षिणा नाही. बावीस प्रतिज्ञांतली अकरावी प्रतिज्ञा अष्टांगिक मार्गाची आहे, आणि त्या मार्गात सम्यक स्मृती आहे. मग ती आपण दुसऱ्याच्या हवाली का करावी?

डोकेदुखीपासून बेलापूरपर्यंत

आज जी विपश्यना आपल्याकडे दिसते तिचा प्रवासही एका दुखण्यातून सुरू झाला आहे. सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशात जन्मलेले मारवाडी व्यापारी. त्यांना भयंकर अर्धशिशी होती, मॉर्फिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. व्यसन लागेल या भीतीने परदेशात उपचार करून पाहिले, गुण आला नाही. 1955 मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन सरकारी हिशेब खात्यातले मोठे अधिकारी होते. डोकेदुखी बरी करायला यायचं असेल तर येऊ नका, धम्माचा उद्देश त्याहून मोठा आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोयंका थांबले, शिकले. डोकेदुखीही गेली, पण ती आनुषंगिक गोष्ट. 1969 मध्ये त्यांनी भारतात, मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. 1976 मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी सुरू झालं. आज आपल्या बेलापूरला पारसिक टेकडीवरही केंद्र आहे. गोयंकांच्या मांडणीत जातीचा प्रश्न कुठे आहे, हा आपला प्रश्न रास्त आहे आणि तो विचारत राहिलं पाहिजे. पण ऊ बा खिन यांचा इशाराही विसरू नये. शिबिर म्हणजे दवाखाना नाही.

विज्ञान काय म्हणतं? दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरला आढळलं की मोठ्या जखमा झालेले बरेच सैनिक वेदनाशामक मागतच नव्हते. जखम मोठी म्हणजे वेदना मोठी, हे गणित तिथे चुकलं. 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की दुखऱ्या भागाकडून येणारा संदेश मज्जारज्जूतल्या एका दारातून जातो, आणि ते दार किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. 1979 मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांना शरीरभर लक्ष फिरवायला शिकवायला सुरुवात केली. पद्धत बौद्ध होती, नाव तेवढं बदललं. 2016 मध्ये जुनाट कंबरदुखीच्या 342 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी ही पद्धत शिकलेल्यांपैकी शंभरात सुमारे 44 जणांचा त्रास ठळकपणे कमी झाला होता. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे 27 होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून पाहायच्या उपायांत हिचा समावेश केला.

हे आकडे नीट वाचा. फायदा खरा आहे, पण तो निम्म्याहून कमी लोकांना झाला. जादू नाही. म्हणून ताईंची कंबर हलकी झाली हे आम्ही खरं मानतो, आणि तुमची होईलच अशी हमी कुणी देत असेल तर त्याला आम्ही भोंदू म्हणतो.

कुणाची कंबर, कुणाचं भान

आता आमचा खरा आक्षेप. ऐरोली-महाप्याच्या काचेच्या इमारतींत आजकाल कर्मचाऱ्यांना 'माइंडफुलनेस'चे वर्ग देतात. आमचा तो मित्रच सांगत होता. मान आखडली अशी तक्रार केली, तर खुर्ची बदलून मिळाली नाही, श्वास निरखायचा व्हिडिओ मिळाला! तो उसळला त्याचं कारण हे होतं. बुद्धाने सांगितलं की दुसरा बाण मारून घेऊ नका. मालकाने त्याचा अर्थ असा लावला की पहिला बाण मी मारत राहीन, तुम्ही फक्त दुसरा टाळा. हा धम्म नव्हे. आपल्या आज्याला 'मागच्या जन्माचं कर्म आहे, सोस' असं सांगत होते, त्याचीच ही इंग्रजी आवृत्ती आहे.

बुद्धाचं जाणणं कारणाशी जाऊन भिडतं. हे असलं की ते होतं, हे नसलं की ते होत नाही : प्रतीत्यसमुत्पाद. दुखणं आहे हे कळलं की ते कशामुळे आहे हेही बघावंच लागतं. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' मध्ये बाबासाहेबांनी दुःखाच्या जागी शोषण हा शब्द ठेवून बघायला सुचवलं आहे ते उगाच नाही. आणि आजारी भिक्खूची स्वतःच्या हाताने सुश्रूषा करणाऱ्या बुद्धाची गोष्ट त्यांनी आपल्या ग्रंथात आवर्जून घेतली, तीही उगाच नाही. वेदनेचं काय करायचं याची दोन उत्तरं तिथे एकत्र येतात : कारण शोधायचं, आणि माणसाला एकटं सोडायचं नाही.

आमच्या ताईंनी नेमकं हेच केलं. चार-सहा आठवडे कंबर निरखल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ती चारही घरी सारखी दुखत नाही. तिसऱ्या घरी सुरू होते, कारण तिथे उकिडवं बसून हाताने फरशी पुसावी लागते आणि बादली लांबून आणावी लागते. त्यांनी तिथल्या बाईंकडे दांड्याचा पोछा मागितला. बाई म्हणाल्या, "दांड्याने कोपरे निघत नाहीत." ताईंनी ते घर सोडलं. दोन महिने पैशाची ओढाताण झाली, हेही सांगितलं पाहिजे. मग दुसरं घर मिळालं. हे ऐकल्यावर आमचा मित्र गप्प झाला, आणि मग हळूच म्हणाला, "ताई, मलाही दाखवा कसं बसायचं ते."

आपण काय करायचं

आपल्या आज्यांकडे दुखण्याला किती शब्द होते! उसण भरते, चमक निघते, कळ येते, ठणका लागतो, रग लागते, मुंग्या येतात, गोळा येतो, अंग मोडून येतं, ठुसठुसतं, अवघडतं. प्रत्येकाची जात वेगळी. आज दवाखान्यात आपण 'बॉडी पेन' म्हणतो आणि दोन मिनिटांत गोळी घेऊन बाहेर पडतो. शब्द गेले तसं जाणणंही गेलं. म्हणून आम्ही आमच्या मंडळात साधी सुरुवात केली आहे. वंदनेनंतर दहा मिनिटं शांत बसायचं. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका भागाकडे लक्ष न्यायचं. जिथे आखडलं असेल तिथे थांबायचं, ओढाताण करायची नाही. मग प्रत्येकाने सांगायचं : कुठे, कसं, कधीपासून, कुठल्या कामानंतर. एक वही ठेवली आहे, त्यात नावाशिवाय कामाची आणि दुखण्याची नोंद होते. नाक्यावरच्या मजुरांचे खांदे, सफाई कामगारांची मनगटं, घरकामवाल्या ताईंचे गुडघे. दहा जणींचे गुडघे एकाच कामाने दुखतात हे वहीत दिसलं की ते दुखणं एकीचं राहत नाही, मागणी होते.

पथ्यही पाळायचं. पाय बधिर पडणं, लघवीवरचा ताबा जाणं, छातीत कळ येऊन डाव्या हातात उतरणं, तापासोबत पाठदुखी, कारण नसताना वजन उतरणं, पडल्यानंतरचं दुखणं — यात निरखत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. मेडिकलमधून मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंडं जातात. आणि अंगदुखीवर क्वार्टर हे औषध नाही. ती आपण 1956 साली नागपूरला सोडली आहे.

मित्रांनो, दलित साहित्याने वेदना आणि विद्रोह हे दोन शब्द जोडीने दिले. आपण विद्रोह उचलला आणि वेदनेला कविता समजून कपाटात ठेवलं. पण ज्याला आपली मान कशाने आखडली हे ठाऊक नाही, तो ती ताठ कशी करणार? पेशव्यांनी लादलेलं भान आपण फेकून दिलं, हे थोर काम आपल्या पूर्वजांनी केलं. त्या रिकाम्या जागी स्वतःचं भान आणायचं काम आपल्याकडे आहे. त्याची सुरुवात आज रात्री अंथरुणावर पडल्यावर पाठ काय सांगते हे ऐकण्यापासून होऊ शकते. उद्या सकाळी ते चार माणसांना सांगा.

जय भीम. नमो बुद्धाय.